ओलं फडकं

हे मी आजपर्यंत कुणापाशी बोललेली नाही. आईपाशी नाही, वर्गातल्या मैत्रिणीपाशीही नाही. मागे एकदा सगळं लिहून काढावं म्हणून वही उघडली होती, तर दोन पानं भरून बंब कसा करतात एवढंच लिहिलं आणि वही मिटली. आताही तसंच होईल अशी भीती आहे. मी फिरून फिरून दुसरीकडेच जाईन. तुम्ही थोडं सोबत चाला — येते मी तिथपर्यंत.

मी मेकॅनिकलच्या शेवटच्या वर्षाला आहे. आमच्या घरातून कॉलेजला गेलेली मी पहिली. वडील दुधाचा टेम्पो चालवतात. बारावीनंतर मला इंजिनिअरिंगला घालायचं की नर्सिंगला, यावर घरात आठ दिवस धुसफूस चालली होती. ती तात्यांनी एका वाक्यात संपवली. म्हणाले, "पोरीच्या हातात पाना बसतोय. सुई कशाला देताय?" तात्या म्हणजे माझे थोरले चुलते. त्यांना मूलबाळ नाही. काकू गेल्यापासून ते आमच्यातच जेवतात, आमच्यातच राहतात.

तात्या बंब करायचे. न्हाणीतला, पाणी तापवायचा, तांब्या-पितळेचा बंब. पत्रा कापून ठोकून गोल करायचा, दोन कडा एकमेकींत दुमडायच्या, आणि त्या शिवणीत वितळलेलं कथील उतरवायचं. याला डाख देणं म्हणतात. तात्यांचा डाख बघायला इतर कारागीर यायचे. शिवण कुठे आहे ते बोटाला कळायचं नाही.

त्यांच्या दुकानात एक रीत होती. ज्यानं वस्तू केली त्यानं ती तपासायची नाही. तपासायला दुसरा माणूस. बाहेरून सगळ्या शिवणींना खडू घासायचा, आत पूर्वी रॉकेल, आता डिझेल भरायचं, आणि बसून राहायचं. केसाएवढी फट असली तरी पांढऱ्या खडूवर ओल उमटते. खडू कोरडा राहिला की बुडाशी दोन खुणा व्हायच्या — तात्यांचा त्रिशूळाचा ठसा, आणि शेजारी तपासणाऱ्यानं छिन्नीच्या टोकानं मारलेलं एक टिंब. कितीतरी वर्षं ते टिंब काकूंचं होतं. त्या गेल्यावर तात्यांनी ती टोकाची छिन्नी माझ्या हातात दिली. मी तेव्हा अकरावीत होते. त्या दिवशी मी छिन्नी उशाखाली ठेवून झोपले होते.

बघा, आलंच बंबाचं पान.

शिवलिंगआण्णा हे गुळाचे व्यापारी, तात्यांचे जुने गिऱ्हाईक. त्यांच्या वडिलांनी बेळगावच्या एका डॉक्टरांकडून घेतलेली जुनी विलायती गाडी त्यांच्याकडे आहे. दोनच माणसांची, उघडी, लाल, जमिनीला पोट लावून बसल्यासारखी. एकेकाळी शर्यतीत पळायची म्हणतात. तिची पेट्रोलची टाकी गंजून चाळण झाली होती. नवी कुठे मिळेना. आण्णा तात्यांना म्हणाले, "बंब आंघोळीला न्हाय लागत आता कुणाला. गाडीला तरी करून द्या की एक."

तात्या हसले. पण दुसऱ्या दिवशी पहाटेच जुनी टाकी मांडीवर घेऊन बसले होते, आणि काकू गेल्यापासून मी त्यांना असं बसलेलं पाहिलं नव्हतं. तुम्हाला सांगायचं ते हे, की ती नुसती टाकी नव्हती. बंबाचं काम संपलेलं होतं. दुकानात महिन्यातून एखादी घागर दुरुस्तीला यायची. ही टाकी जमली तर कोल्हापुरातल्या जुन्या गाड्या ठेवणाऱ्या लोकांत नाव होणार होतं. दोघेतिघे तर आधीच येऊन बघून गेले होते. तात्यांचा हात पुन्हा कुणाला तरी लागणार होता.

आणि मला कॉलेजात प्रोजेक्ट करायचा होता. मी टाकीचं ड्रॉइंग काढलं. आण्णांच्या गाडीचा पेट्रोलचा काटा कधीचाच मेला होता, म्हणून मी नवा इलेक्ट्रॉनिक फ्लोट सुचवला. टाकीत तरंगणारा गोळा असतो, त्यावर काटा हलतो, तो. एवढा एक बदल माझा. बाकी सगळं तात्यांचं. आतून कल्हई केलेला पितळी पत्रा, आत पेट्रोल डचमळू नये म्हणून आडवा पडदा, आणि भोवती ती शिवण.

फ्लोट बसवायला टाकीच्या वरच्या अंगाला एक पितळी कडं जोडायचं होतं. ते तात्यांनी स्वतः जोडलं. शिवणीपासून चार बोटं सोडून. तापवलेल्या अवजारानं, गॅसच्या ज्योतीनं नाही. आणि उष्णता शिवणीपर्यंत जाऊन आधीचा डाख वितळू नये म्हणून शिवणीवर ओलं फडकं ठेवून. फडकं मी धरलं होतं. त्यावर तांब्यानं पाणीही मीच ओतत होते. दोनदा वाफ माझ्या मनगटावर आली. तात्या म्हणाले, "भाजलं का गं?" मी नाही म्हणाले.

हे फडकं लक्षात ठेवा. मला ठेवायला लागतंच आहे.

दुसऱ्या दिवशी शिरोळला तात्यांच्या मेहुण्यांकडे दुःखाचा प्रसंग झाला आणि ते तिकडे गेले. मी दुकानात एकटी. फ्लोट आत घालून पाहिला, तर त्याची दांडी आडव्या पडद्याला घासत होती. फ्लोट कड्यात एकाच बाजूनं बसायचा, म्हणून कडंच थोडं फिरवलं असतं तर दांडी सुटली असती. चूक माझ्या ड्रॉइंगची होती. मी पडद्याची जागा धरलीच नव्हती. तात्यांनी कडं अगदी मी कागदावर दाखवलं तसंच बसवलं होतं.

संध्याकाळपर्यंत थांबायचं. ते येतील, त्यांना सांगायचं — तात्या, माझं चुकलं, कडं फिरवू या. एवढंच. त्यांनी टपली मारली असती. पण आदल्याच दिवशी ते आण्णांना सांगत होते, "चितार हिनं काढलाय. मी नुसता मजूर हाय की." आणि तो चितार, माझं ड्रॉइंग, चुकलेला होता. मी गॅसचा टॉर्च पेटवला, कडं तापवलं, फिरवलं, गार केलं. पाच मिनिटांचं काम. फडकं बादलीत पडून होतं. ते घ्यायचं मला सुचलं नाही, असं मी स्वतःला बरेच दिवस सांगितलं. सुचलं होतं. फडकं धरायला दुसरा हात नव्हता, एवढंच.

तात्यांना कळलं नाही. कडं नीट दिसत होतं. मग तपासणी — ती रीतीप्रमाणे माझी. खडू घासला, डिझेल भरलं, स्टूल घेऊन बसले. तासाभरात शिवणीवर कड्याच्या बाजूला ओल उमटली. ज्वारीच्या दाण्याएवढी. मी ती बोटानं पुसली. पुन्हा उमटली.

दुरुस्ती अर्ध्या तासाची होती. तुम्हाला हे कळलं पाहिजे, की ते फार मोठं काही नव्हतं. तात्या बाहेरच्या बाकावर चहा पीत होते, माझ्यापासून दहा पावलांवर. पण हाक मारली असती तर टॉर्चचं सांगावं लागलं असतं.

मी डिझेल ओतून टाकी पुसली. दोन पुड्यांतला लगदा मळून लावतात तो एपॉक्सी फटीवर दाबला. सुकल्यावर घासला, त्यावर काळा रंग मारला — टाकी काळीच रंगवायची होती. पुन्हा खडू, पुन्हा डिझेल. खडू कोरडा. मी छिन्नी घेतली आणि टिंब मारलं.

आणखी एक गोष्ट आहे, ती गाळून पुढे गेले तर हे सगळं अजाणता झालं असं वाटेल. त्याच सत्रात मी वर्गात सेमिनार दिला होता. आपल्याकडचा ऊस कारखान्यात जातो, त्याचं अल्कोहोल होतं, ते पेट्रोलमध्ये मिसळतात, आणि असलं पेट्रोल जुन्या गाड्यांतलं रबर आणि लावलेले लगदे हळूहळू मऊ करतं. हे मी फळ्यासमोर उभी राहून सांगितलं होतं. टाळ्या पडल्या होत्या. मला माहीत होतं ते टिकणार नाही. कधी सुटेल एवढंच माहीत नव्हतं. आणि "कधी" माहीत नसलं की माणूस "कधीच नाही" असं धरून चालतो, नाही का?

गाडी सुरू झाली तेव्हा आण्णांनी टाकीला हळदीकुंकू लावलं. काटा हलला. तात्यांनी सगळ्या गल्लीला माझं टिंब वाकून वाकून दाखवलं. म्हणाले, "इंजिनेरचं टिंब हाय हे."

दोन महिन्यांनी आण्णा बहिणीकडे मलकापूरला निघाले. वाटेत वास यायला लागला, पण उघडी गाडी, वास वाऱ्यावर जायचा. मलकापूरच्या बाजारात गाडी उभी केली, आणि खाली उतरून बघतात तो मागे थेंब थेंब पडतंय. एक माणूस गाडीला टेकून विडी शिलगावत होता. आण्णांनी त्याच्या हातावर फटका मारला. हे त्यांनी नंतर हसून सांगितलं. मी हसू शकले नाही, आणि ती एकच प्रामाणिक गोष्ट असेल माझ्याकडून झालेली.

टाकी उतरवून बाळू मिस्त्री दुकानात घेऊन आला. गाडीचं सगळं काम तोच बघतो. गल्लीतली चारपाच माणसं मागोमाग आली. बाळूनं टाकी बाकावर आपटली आणि फडक्यानं शिवण पुसली. त्याच्या फडक्यावर रंगाबरोबर करडं, मऊसं काहीतरी आलं. त्यानं ते बोटांनी चुरून बघितलं आणि विजारीला पुसलं. माझा एपॉक्सी. तेवढाच पुरावा होता, तो बाळूच्या विजारीला लागून गेला.

"तात्या," बाळू म्हणाला, "बंबात पाणी ठेवायचं आसतंय. पेट्रोल पातळ आसतंय, पावणं."

माणसं हसली. तात्यांना कधी कुणी त्यांच्याच दुकानात "पावणं" म्हटलं नव्हतं.

त्यांनी चष्मा काढून पुसला, पुन्हा घातला. शिवणीवरून अंगठा फिरवला. एका जागी अंगठा थांबला. बराच वेळ थांबला.

"कडं लावताना शिवण तापलीया," ते म्हणाले. "माझ्या हातनं."

मी आले आता. इथपर्यंत आले. टॉर्च, एपॉक्सी, टिंब — हे सगळं मी सांगितलं, पण त्यासाठी मी वही उघडली नव्हती. त्यातलं काहीही तात्या विसरले असते. ते चुका विसरतात, माझ्या तर लगेच.

माणसं गेल्यावर ते बाकावर बसले. मी झाडू मारत होते. त्यांचं काहीतरी पुटपुटणं चालू होतं. बोटं मोजत होते. चार बोटं सोडली होती. टॉर्च घेतला नव्हता. मग शिवण तापली कशी? त्यांना ते जुळत नव्हतं. जुळणारच नव्हतं. पन्नास वर्षांचा हात त्यांना सांगत होता, की तू चुकलेला नाहीस.

मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं.

"शीतल, फडकं ठेवलंवतं का गं मी? ओलं फडकं?"

मी फडकं धरलं होतं. वाफेनं माझं मनगट लाल झालं होतं. भाजलं का, हेही त्यांनीच विचारलं होतं.

मी म्हणाले, "आठवत नाही, तात्या."

तेवढंच. मी "नाही ठेवलं" म्हटलं असतं तर ते भांडले असते माझ्याशी. "ठेवलं होतं" म्हटलं असतं तर शोधत बसले असते, आणि शोधता शोधता माझ्यापर्यंत आले असते. मी हा हिशेब किती पटकन केला, माहीत आहे? झाडू थांबलासुद्धा नाही.

त्यांना वाटत होतं, मी आठवून सांगेन. मग म्हणाले, "न्हाय ठेवलं आसंल. इसरलो आसंन मी."

त्या दिवसापासून ते विसरायला लागले. मी डॉक्टर नाही, मला माहीत आहे की असं होत नसतं. पण मी बघितलं आहे. कुलूप लावून ते गल्लीच्या टोकापर्यंत जायचे आणि लावलं का बघायला परत यायचे. गॅस बंद केला का, औषध घेतलं का, हे आईला विचारायचे. खरं तर कुलूप लावलेलं असायचं. गॅस बंद असायचा. विसरत काहीच नव्हते, फक्त आपल्याला आठवतंय यावर त्यांचा विश्वास उरला नव्हता. वडील त्यांना दवाखान्यात घेऊन गेले. डॉक्टर म्हणाले, वयाच्या मानानं सगळं ठीक आहे. तात्यांचा डॉक्टरवरही विश्वास बसला नाही.

आण्णा चांगले माणूस. त्यांनी शब्द काढला नाही. पुण्याहून ॲल्युमिनियमची टाकी करून आणली, गाडीला बसवली, आणि दिवाळीला फराळ घेऊन आले. जे दोघेतिघे आपल्या गाड्यांसाठी विचारून गेले होते, ते पुन्हा आले नाहीत. एकदा एक बाई बंबाची तोटी गळते म्हणून घेऊन आली होती. तात्या तिला म्हणाले, "दुसरीकडं न्या, अक्का. हात गेलाय माझा." तोटीला डाख देणं त्यांना डोळे मिटून येत होतं. मी शेजारीच उभी होते.

माझा प्रोजेक्ट? तो पूर्ण झाला. अहवालात टाकी का गळाली यावर एक परिच्छेद लिहायचा होता. मी लिहिलं, की पारंपरिक हातकामात उष्णतेवर नियंत्रण राहत नाही आणि मानवी चूक संभवते. सरांनी त्या वाक्याखाली रेघ मारून शेजारी "छान" लिहिलं. यंदा शिरोली एमआयडीसीतल्या एका फाउंड्रीत माझी निवड झाली. मुलाखतीत त्यांनी विचारलं, एखाद्या अपयशातून काय शिकलात? मी टाकीची गोष्ट सांगितली. अहवालातली. त्यांनी मला तपासणी विभागात घेतलं आहे. बाहेर जाणाऱ्या मालावर शिक्का मारायचं काम आहे.

पेढे मी तात्यांनाच आधी दिले. त्यांनी पेढा हातात धरून ठेवला आणि म्हणाले, "टिंबाचंच काम की गं. बरं झालं."

दुकान रिकामं करायचं ठरलं तेव्हा ती पितळी टाकी मोडीत घालायला निघाली. तात्यांनी ती ओट्यावर आणली आणि कानस मागितली. त्यांना आपला ठसा घासून काढायचा होता. मोडीतसुद्धा त्यांचा त्रिशूळ त्या टाकीवर जायला नको होता. टाकी हलायची, म्हणून मी ती दोन्ही हातांनी धरली. त्यांनी सावकाश कानस चालवली. हात जराही कापत नव्हता. कानस त्रिशूळाच्या कडेला इतकी नेमकी थांबायची, की शेजारच्या टिंबाला एक ओरखडा उठला नाही.

मी म्हणाले, "तेही घासा, तात्या."

"त्येला कशाला?" ते म्हणाले. "कच्चा डाख आदी कोरडाच दावतोय, हादरं बसलं की सुटतोय. तू बघितलंस तवा खडू कोरडा हुता. तुझं टिंब खरं हाय."

पितळेची भुकटी माझ्या मनगटावर पडत होती. जिथे वाफ लागली होती, तिथेच. मी टाकी धरून ठेवली. त्यांनी ठसा पूर्ण घासला, फुंकर मारली, अंगठा फिरवून बघितला. काही लागत नाही, याची खात्री केली. टाकी माझ्या एकटीच्या खुणेसकट मोडीत गेली.

तेव्हाही सांगता आलं असतं. आत्ताही येईल. ते पलीकडच्या खोलीत आहेत, मला त्यांचं खोकणं ऐकू येतंय. मी हे तुम्हाला सांगितलं म्हणजे त्यांना सांगितलं असं होत नाही, हे मला कळतं.

आज सकाळी ते स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभे राहिले. म्हणाले, "शीतल, च्या घेतला का गं मी?"

"घेतला, तात्या," मी म्हणाले. "मघाशीच."

एवढं मला लगेच आठवलं.